‘आपला माणूस’ आणि फुकटची रात्र

जीएसटीचं ३बी विवरणपत्र दर महिन्याला भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी शेवटची तारीख वीस. ही तारीख काही गुपित नाही. तरी जळगावच्या दाणाबाजारातली पार्टी असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरची, खरेदीच्या बिलांचे फोटो एकोणीसला रात्री साडेनऊनंतर व्हॉट्सअॅपवर यायला लागतात. वाकडे काढलेले, एकावर अंगठा आलेला, एकाचा जीएसटी नंबर वरून कापला गेलेला. पाठोपाठ फोन येतो, “इतलं करी दे ना भाऊ, तू आपलाच माणूस शे.” बाहेरून अकाउंट लिहिणारा पोरगा जेवून न जेवून टॅली उघडतो. जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी या खरेदीच्या यादीशी ताळा करायला बसतो, चार बिलं जुळत नाहीत, विचारायला फोन लावतो, तर तोवर पार्टी झोपलेली. काम पहाटे दोनला संपतं आणि महिन्याचे ठरलेले पैसे तेवढेच राहतात.

याच पार्टीला विवरणपत्र भरायला उशीर झाला, तर सरकार दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लावतं आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ते मुकाट भरलं जातं. सरकारच्या एका दिवसाला दर आहे आणि हा दंड वाचवण्यासाठी जागलेल्या पोराच्या रात्रीला नाही. मला हे अजिबात मान्य नाही.

पगारावर नसलेली, स्वतःच्या हिमतीवर काम घेणारी ही माणसं आता खानदेशात गल्लोगल्ली आहेत. कोणी तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितो, कोणी फ्लेक्स आणि इन्स्टाच्या पोस्ट करतो, कोणी लग्नाचे व्हिडिओ कापतो, कोणी एमआयडीसीतल्या चटई आणि पाइपच्या कारखान्यांच्या मशिनी दुरुस्त करतो, तर कोणी घराच्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या नाहीतर अमेरिकेच्या कंपनीसाठी कोड लिहितो. यांना पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनस नाही, भरपगारी रजा नाही. आजारी पडलं की त्या दिवसाची कमाई गेली. बदल्यात एकच गोष्ट त्यांच्या हातात असायला हवी होती: आपला वेळ. नेमकी तीच त्यांच्याकडून काढून घेतली जाते, आणि तीही प्रेमाने.

अहिराणी गाण्याच्या व्हिडिओचंच बघा. ही गाणी आज लाखो लोक बघतात, आणि ती कापून, रंगवून, तालावर बसवून देणारा मुलगा बहुतेक वेळा उक्त्यावर काम करत असतो. ठरलेलं असतं एक गाणं आणि दोन करेक्शन. दोन्ही होतात. मग निरोप येतो, “काही नाही, फक्त हिरोइनची एंट्री दोन सेकंद आधी घे.” ऐकायला दोन सेकंद. पण एंट्री दोन सेकंद आधी घेतली की तिच्यानंतरचा प्रत्येक कट ढोलाच्या ठेक्यावरून घसरतो. ते सगळे परत एकेक करून बसवायचे, नव्याने घेतलेल्या तुकड्याचा रंग बाकीच्यांशी जुळवायचा, पूर्ण गाणं परत रेंडरला लावायचं, आणि मशीन जुनं असेल तर पंख्याचा घरघराट ऐकत संध्याकाळ घालवायची. मध्ये लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात. फाइल पाठवली की उत्तर येतं, “आधीचंच बरं वाटत होतं रे.” निर्माता वाईट माणूस नसतो. त्याला खरोखर दोन सेकंदच दिसतात, कारण त्या दोन सेकंदांच्या मागची संध्याकाळ कोणी त्याला कधी बिलात दाखवलेली नसते.

शेतीत मात्र हा हिशेब खानदेशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सालदार ठेवला की आखाजी ते आखाजी रक्कम ठरते, आगाऊ उचल दिली जाते, बऱ्याच ठिकाणी धान्य आणि कपडेही. मग त्याच्या कामाला घड्याळ नाही. रात्रपाळीची वीज आली की केळीला पाणी द्यायला तोच उठणार. सालदारकी सुखाची मुळीच नाही, पण तिथे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की वर्ष विकलं गेलं आहे. उक्तं काम निराळं. कापूस वेचणी किलोवर, निंदणी एकरावर. वेचणाऱ्या बाईचं गाठोडं संध्याकाळी काट्यावर चढतं आणि वजनाप्रमाणे पैसे होतात. “आलीच आहेस तर शेजारचं वावरही वेचून जा, आपलंच समज,” असं तिला म्हणायची कोणाची छाती नाही. म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी ती टोळी बांधावर येणार नाही, आणि का आली नाही हे गावभर झालेलं असेल.

अशाच शेतकऱ्याच्या घरातला मुलगा शहरात येऊन दुकान टाकतो, एजन्सी घेतो, आणि डिझाइन करणाऱ्याशी किंवा हिशेब लिहिणाऱ्याशी बोलताना हे सगळं विसरतो. त्याला उक्त्याच्या दरात सालदार हवा असतो. उचल द्यायची नाही, धान्य द्यायचं नाही, आजारपणात विचारायचं नाही, पण रात्री अकराला फोन उचलला गेला पाहिजे.

कागदावर तर तो स्वतःच कबुली देत असतो. बिल काढताना दहा टक्के टीडीएस कापतो, व्यावसायिक शुल्क म्हणून. त्याच्या वह्यांमध्ये समोरचा माणूस स्वतंत्र व्यावसायिक आहे. पीएफचा विषय निघाला की “तू कुठे आमच्या पगारावर?” आणि रविवारी सकाळी “तू काय, आपल्या ऑफिसचाच.” दोन्ही एकदम चालणार नाही. पगारावरचा माणूस असेल तर कायदा लावा: दिवसाच्या आणि आठवड्याच्या मर्यादेवर काम गेलं की दुप्पट दर. १९४८च्या कारखाना कायद्यात तो होता, महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे, नव्या श्रम संहितेतही आहे. एमआयडीसीत किती जणांना हा दुप्पट दर खरोखर मिळतो हा स्वतंत्र भांडणाचा विषय आहे. पण भांडायला तिथे कायद्याचं कलम तरी आहे. उक्त्यावर काम करणाऱ्याला ओव्हरटाइमचं कोणतंच कलम लागू होत नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलेलं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयकसुद्धा नोकरदारांसाठीच होतं.

मग याच्या हातात काय? बरंच आहे, आणि ते माहीत नसल्यामुळेच तो वाकतो.

१८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७० काढून बघा. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याला मोबदला द्यावाच लागतो. दीडशे वर्षांपूर्वीचं हे कलम आहे. त्यातला सगळा जीव ‘फुकट करण्याचा हेतू नव्हता’ या अटीत आहे. तो हेतू सिद्ध कशाने होणार? आधी लिहून कळवलेल्या एका ओळीने. जादा काम गुपचूप केलं, मनात कुढलं, आणि सहा महिन्यांनी भांडणात बाहेर काढलं, तर वकीलही मान हलवेल.

दुसरं हत्यार २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर होते, आणि ती सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते. ती कामाआधी करून ठेवावी, भांडण झाल्यावर नाही. मग कराराने ठरवली तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. तक्रार २०१७पासून ऑनलाइन करता येते. याच कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी तरतूद अशी: काम दिल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. तीन महिन्यांनी उगवणाऱ्या “जरा लोगो मोठा कर”ला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च धरला जात नाही. व्यापाऱ्याला ही भाषा लगेच समजते.

पण कायदा हे शेवटचं पाऊल. त्याआधीचं सगळं काम बोलण्यात आहे, आणि आपली माणसं नेमकी तिथेच गप्प बसतात. पार्टी गावाकडची असते, मामाच्या ओळखीची असते, लग्नात येऊन आहेर देऊन गेलेली असते. नाही म्हटलं तर “लई मोठा झाला” हे गावात ऐकावं लागेल याची भीती. मला विचाराल तर ‘नाही’ म्हणायची गरजही नसते. ‘हो’ म्हणून पुढे आकडा सांगायचा. “हो भाऊ, रात्री बसून करून देतो. हे ठरलेल्या कामाबाहेरचं आहे, अंदाजे चार तास लागतील, त्याचे १,६०० होतील. ‘हो’ लिहून पाठवा, लगेच सुरू करतो.” बस. माफी नाही, घरच्या अडचणींची कहाणी नाही, चिडचिड नाही. हा संदेश काम सुरू करण्यापूर्वी गेला पाहिजे. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पैसे मागायला तोंड आहे, आणि उत्तर ‘राहू दे, सकाळी बघू’ असं आलं तर ते काम एवढं तातडीचं नव्हतंच. अर्ध्याहून जास्त तातडीची कामं या एका ओळीपुढे टिकत नाहीत, हे मी आजूबाजूच्या कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आपली चूक असेल तर मात्र रात्रभर बसून, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यावी. आकडा आपण चुकवला, नाव आपण चुकीचं टाकलं, तर ते जादा काम नव्हे. पार्टीच्या घरी मयत झाली, दुकानाला आग लागली, तेव्हाही हात आखडता घेऊ नये. पण दिलेली सवलत बिलावर लिहावी: जादा काम चार तास, १,६०० रुपये, सवलत १,६०० रुपये, देय शून्य. जे दिलं त्याची किंमत समोरच्याच्या डोळ्यांपुढे राहते आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट हक्काने मागितली जात नाही. दिवाळीला येणारा मिठाईचा डबा आनंदाने घ्यावा. तो वर्षभराच्या रात्रींचा हिशेब म्हणून मात्र कधीही मान्य करू नये.

हे असं बोललं की काही शेठलोक गीता काढतात. कर्म कर, फळाची अपेक्षा ठेवू नकोस. धुळ्यात बसून हे बोलणाऱ्यांनी आपल्याच गावचा इतिहास आठवावा. १९३२ मध्ये, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. गुरुजींना कोणी लिहायला बसवलं नव्हतं, आणि त्यांच्या त्या कष्टावर कोणाचा गल्ला भरत नव्हता. फळ सोडून देण्याचा अधिकार ज्याचं कर्म आहे त्याचा असतो. समोरच्याने फळ स्वतःच्या खिशात घालायचं आणि कष्ट करणाऱ्याला त्याग शिकवायचा, याला गीतेचा आधार नाही. एवढं मी ठामपणे लिहितो.

आणि रविवार. तो काही वरून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. सहा वर्षं लागली. ज्यांच्यासाठी ती मिळवली ते सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणीत उभे असायचे. आज त्यांचा पणतू शोभेल असा पोरगा लॅपटॉप घेऊन रविवारी सकाळी “बघतो ना शेठ” म्हणतो, तेव्हा मला त्याचा राग येतो. पार्टीपेक्षा जास्त त्याचा. पहिली फुकटची रात्र पार्टी मागत नाही, हाच देतो. चांगलं नाव व्हावं म्हणून देतो. दुसरी रात्र मग मागितली जाते आणि तिसरी गृहीत धरली जाते.

त्यात धंद्यातल्या धंद्यात एकमेकांचा दर पाडायची सवय. एकाने करेक्शनचे पैसे लावले की दुसरा त्याच पार्टीला जाऊन सांगतो, मी कितीही करेक्शन फुकट देतो. त्याने एक गिऱ्हाईक मिळवलं आणि शहरातल्या सगळ्यांची संध्याकाळ विकून टाकली, स्वतःच्या संध्याकाळीसकट.

परदेशातली कामं घेणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. त्यांचा सकाळी दहाचा कॉल जळगावात रात्री साडेआठला येतो, आणि त्यांनी दुपारी चारला “एक छोटीशी गोष्ट” विचारली तर इथे अडीच वाजलेले असतात. यावर उपाय सोपा आहे: कोणत्या तासात आपण भेटू, हे पहिल्याच मेलमध्ये आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून टाकणं. तिकडच्या लोकांना याचं नवल वाटत नाही. न्यूयॉर्क शहरात तर मे २०१७पासून कायदाच आहे: ८०० डॉलर किंवा त्यावरचं काम स्वतंत्र व्यावसायिकाला देताना लेखी करार हवा, आणि तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे हवेत. त्या कायद्याचं संरक्षण इथल्या पोराला मिळेल असं मी म्हणत नाही. पण लेखी मागणं हा उर्मटपणा समजला जात नाही, हे त्याने ओळखावं आणि न घाबरता मागावं.

लांब कशाला, अमळनेरला चला. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी तिथे वनस्पती तूप बनवायची. तीच पुढे विप्रो झाली आणि सॉफ्टवेअरमध्ये उतरली. त्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ठरल्याबाहेरचं काम ग्राहकाने मागितलं की ‘चेंज रिक्वेस्ट’ निघते: काय बदलायचं, किती तास, किती पैसे, सही करा. कोट्यवधींचे करार करणाऱ्या ग्राहकाला त्यात अपमान वाटत नाही. मग तालुक्याच्या गावात दुकान असलेल्या ग्राहकाला तो का वाटावा? आणि मागणाऱ्याचा आवाज तरी का बसावा?

“पार्टी तुटेल” हे उत्तर मला नेहमी मिळतं. तुटेल काही. जी पार्टी फक्त फुकटच्या रात्रींमुळे टिकली आहे, ती तशीही कधीतरी त्याहून स्वस्त माणसाकडे जाणारच आहे. त्या पार्टीवर गेलेले तास खरोखर मोजले, तर महिन्याच्या ठरलेल्या रकमेला भागून तासाचा दर काय पडतो, हे प्रत्येकाने एकदा कागदावर करून बघावं. अनेकांचा आकडा वेचणीवाल्या बाईच्या मजुरीच्या खाली येईल. ती बाई काटा नीट बघून घेते, म्हणून.

एकट्याने हे करणं अवघड आहे, ते मला मान्य. म्हणून माझी सूचना अशी. जळगावातल्या आणि धुळ्यातल्या डिझाइनवाल्यांनी, एडिटरांनी, अकाउंट लिहिणाऱ्यांनी आपापल्या धंद्यापुरतं एकदा एकत्र बसावं. दर ज्याचा त्याचा असू द्या, नियम मात्र सगळ्यांचे सारखे ठेवा: करेक्शन किती ते कोटेशनवर लिहिलेलं असेल, त्यापुढच्या प्रत्येकाला पैसे, रात्री नऊनंतर आणि रविवारी दीडपट, पन्नास टक्के अॅडव्हान्सशिवाय सुरुवात नाही. एका पानावर मावेल एवढंच, आणि ते पान प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅप बिझनेसवर पहिल्या निरोपाबरोबर जाईल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने कॉमर्सच्या आणि कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना कोटेशन कसं लिहायचं आणि थकलेलं बिल कसं वसूल करायचं, हे दोन तास शिकवलं तर तेही उपयोगाचं होईल. बैठक नवरात्राच्या आधी घ्या. त्यानंतर सराफ बाजाराच्या धनत्रयोदशीच्या जाहिराती सुरू होतात, आणि मग नियम ठरवायला कोणाला सवड नसते.